मुक्या वांग्याची हकिकत

अमळनेर, सोमवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

आदरणीय कलाअक्कास,

धाकट्या देवचंदचा सविनय जयभीम. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तिकडे तू, तुझा गुडघा आणि तुझ्या दोन्ही शेळ्या सुखरूप असाल अशी आशा आहे. रागाची चौकशी करत नाही, त्याची तब्येत नेहमीच उत्तम असते. गिरणेचं पाणी कालव्याला सुटलं असं भडगावच्या गाडीवरचा वाहक सांगत होता, तेव्हा तुझ्या हरभऱ्याची चिंता मिटली असेल. तू पाठवलेलं वांग्यांचं पोतं पोचलं. वांगी उत्तम होती. त्यांचं पुढे काय झालं हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे, आणि तू ते बसून वाच, कारण उभ्याने वाचण्यासारखं ते नाही.

घरोघरी फोन असताना हा बाबा पत्र कसलं लिहितो, असं तू म्हणशील. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे साक्षीचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस. मागच्या वेळी मी नुसतं 'सा' म्हणालो आणि तू ठेवलास. मी साखरेबद्दल बोलणार होतो. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. फार तर चुलीत घालता येतं, पण तुझ्याकडे गॅस आल्यापासून तीही सोय राहिलेली नाही. दुसरं कारण तुझ्या लेकीचं. तिचं म्हणणं असं की आपण फोनवर जे पाठवतो ते आधी कुठल्या तरी कंपनीच्या ढगात जातं, आणि घरच्या गोष्टी ढगात कशाला घालायच्या. (ढग म्हणजे काय ते पुढे सांगतो. मला कळायला दोन महिने लागले, तुला दोन मिनिटं लागतील.)

तर अक्का, आपल्या साक्षीचं प्रदर्शन झालं. इथे अमळनेरात, बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीच्या गोदामात, आणि अख्खं गाव लोटलं होतं. मी एसटीत तीस वर्षं घंटी मारली, लग्नसराईच्या गाड्या पाहिल्या, पण अशी गर्दी बसायला जागा नसताना इतकी आनंदात असलेली पाहिली नव्हती. आता तू विचारशील की चित्रं कसली होती. चित्रं नव्हतीच. मीही आधी खिळे आणि हातोडी घेऊन गेलो होतो. तिने माझ्या हातातून हातोडी काढून घेतली आणि म्हणाली, मामा, ही डिजिटल कला आहे, ही भिंतीवर टांगत नाहीत. आपला नासीर टीव्हीवाला तुला आठवत असेल, बसस्टँडसमोर दुकान असलेला. त्याच्याकडून तिने जुने, डब्यासारखे टीव्ही आणले होते. लोकांनी दुरुस्तीला दिले आणि सपाट टीव्ही घेतल्यावर न्यायला आलेच नाहीत, असे ते सगळे बिचारे. नासीर म्हणाला, इतक्या वर्षांनी यांच्यात जीव आला, मला चहासुद्धा नको. (चहा त्याने तीनदा घेतला.)

त्या टीव्हींवर एक ढग दिसायचा, पांढराशुभ्र, आपल्या वेचणीच्या कापसासारखा, आणि त्याच्याखाली नदीचं पात्र. आपण टीव्हीजवळ जाऊन बोललो की ढग फुगायचा आणि नदीचं पाणी उतरायचं. जास्त बोललो की वाळू उघडी. मी तिला म्हणालो की पोरी, तू उलटं केलंस, ढगाने पाणी द्यायचं असतं. तेव्हा तिने समजावलं. आपले फोटो, आवाज, निरोप हे सगळं ज्याला ढगात ठेवलं म्हणतात, ते खरं म्हणजे दूर कुठे बांधलेल्या मोठमोठ्या गोदामांमध्ये असतं. आत यंत्रंच यंत्रं, ती तापतात, आणि त्यांना थंड ठेवायला वीज आणि पाणी लागतं. म्हणजे अक्का, हा ढग पाणी देत नाही, पितो. आपण जन्मभर ढगाकडे तोंड करून बसलेली खानदेशची माणसं, आणि आपल्याच नशिबी हा उफराटा ढग यावा! मी त्या दिवसापासून आपल्या नात्यागोत्याच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ टाकणं बंद केलं. त्याचा परिणाम असा झाला की तिसऱ्या दिवशी धरणगावहून आपल्या वनाआबाच्या घरून फोन आला, आणि मी स्वतः उचलल्यावर पलीकडची माणसं गडबडली. ती सांत्वनाला कधी यायचं हे विचारणार होती.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मला फारच पटली, कारण ती आपल्याच गावची आहे. इथून कापूस जायचा आणि कापड होऊन परत यायचा, आपणच पिकवायचं आणि आपणच दुकानात उभं राहून विकत घ्यायचं. तसंच आता शब्दांचं आहे म्हणे. आपली बोली, आपले आवाज, आपलं रानातलं ज्ञान कच्चं इथून उचलायचं, परदेशातल्या यंत्रात घालायचं, आणि मग ते यंत्र आपल्याच हातात आणून द्यायचं. पूर्वी राज्य करायला जहाजातून यावं लागायचं, आता यावंही लागत नाही. हे सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की मला तू आठवलीस, सरपंचाला नळाबद्दल जाब विचारतानाची.

(इथे तू पत्र खाली ठेवणार. ठेवू नकोस, वांगी यायची आहेत.)

बुद्ध पौर्णिमेला खिरीची वाटी हातात असताना तुम्हा मायलेकींचं जे झालं त्यात मी पडणार नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं आणि आजवर चकार शब्द काढला नाही, आताचे सोडून. तुझ्या बचत गटात ती दोन पोरं आली, कुठल्याशा कंपनीच्या यंत्राला अहिराणी शिकवायची आहे म्हणाली, आणि बायांनी मोबाईलमध्ये वाक्यं बोलायची ठरलं. बाकीच्या लाजल्या. तू अध्यक्ष, तू बोललीस, आणि तू एकदा सुरू झालीस की काय होतं ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. साक्षीला कळलं तेव्हा ती म्हणाली की आई, ते आपली बोली उचलून नेताहेत आणि तू त्यांच्या डोक्यावर टोपली चढवून देतेस. त्यावर तू म्हणालीस, "जीभ मनी शे, तुना काय जास?" जीभ तुझी, हे खरंच. तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस आणि ती माझ्याकडे राहते. खीर तशीच राहिली होती. ती मी खाल्ली.

आता वांगी. तू पोतं पाठवलंस ते माझ्या भरतासाठी. पण पोतं उघडल्याबरोबर साक्षीने त्यातली निवडक, ती फिकट हिरवी, मोठाली, चकचकीत वांगी काढून घेतली. मी म्हणालो, अक्काला विचारलं का? ती म्हणाली, आई माझा फोन घेते का? मी उरलेली वांगी मोजायला लागलो. गोदामाच्या मधोमध तिने पऱ्हाट्यांचा ढीग रचला, कापूस वेचून झाल्यावरच्या वाळक्या काड्यांचा, इतका देखणा की आपल्याकडे कोणी सरणसुद्धा इतकं नीट रचत नाही. त्यावर ती वांगी मांडली आणि प्रत्येकात बारीक वायर खोचली. आणि अक्का, वांग्याला हात लावला की वांगं बोलायचं! शॉक वगैरे काही नाही, मी आधी माझ्या गाडीवरच्या जुन्या ड्रायव्हरचा, उखर्डूचा, हात लावून पाहिला. एक वांगं वाऱ्याचं जुनं नाव सांगायचं, एक गवताचं, एक त्या पाखराचं जे हल्ली दिसत नाही. गावोगाव हिंडून तिने म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून ते आवाज घेतले होते. विचारून, हे महत्त्वाचं. ज्याने नको म्हटलं त्याचा घेतला नाही.

मी एकेकाला हात लावत सगळ्यांशी बोललो. शेवटी मधलं, सगळ्यात मोठं वांगं. त्याला हात लावला तर काही नाही. दाबलं, थोपटलं, कानाशी धरलं, गप्प. मला वाटलं वायर सुटली, म्हणून नासीरला हाक मारली. त्याने स्क्रूड्रायव्हर लावून तपासलं आणि म्हणाला, "चाचा, वायर बराबर है. इस में आवाजच नहीं डाला." साक्षी खाली मान घालून दुसऱ्या वायरी गुंडाळत बसली होती. कोणाची जागा ठेवली आहेस, हे मी तिला विचारलं नाही. वाहकाला राखीव सीट ओळखू येते.

प्रदर्शनाच्या दिवशी पुण्याहून एका कलासंस्थेच्या बाई येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर फेब्रुवारीत हे सगळं पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार होतं. आता पाहुणा पुण्याचा, दिवस थंडीचे, आणि खानदेशात येऊन भरीत न खाता गेला तर आपलं नाक काय राहिलं? पाहुणचाराचं मी माझ्याकडे घेतलं. बाजारातून वांगी आणली, पऱ्हाट्या आणल्या आणि गोदामाच्या मागच्या पडवीत ठेवल्या. भाजायचं काम उखर्डूकडे दिलं, कारण भरतात त्याचा हात धरणारा दुसरा नाही. त्याला सांगितलं की गोदामात जा, पऱ्हाट्या आणि वांगी ठेवलेली आहेत. मागच्या पडवीत, हे सांगायचं राहिलं. आणि राहिलं नसतं तरी उखर्डू तो उखर्डूच. आम्ही वीस वर्षं एका गाडीवर काढली, मी पुढचा फाटा म्हटलं की तो अलीकडच्याला वळायचा.

बाई आल्या, आणि वीज गेली. सगळं विजेवर चालणारं प्रदर्शन आणि वीज नाही, म्हणजे गोदामात नुसता अंधार. साक्षी जराही डगमगली नाही. सगळ्यांना पटांगणात उन्हात बसवलं आणि तिथेच बोलायला लागली. ढगाचं, पाण्याचं, कापसाचं, बोलीचं. लोक इतके रंगले की कोणाला वीज आठवेना. बाजूच्या बोळातून भाजक्या वांग्यांचा वास येऊ लागला. पुण्याच्या बाई दीर्घ श्वास घेऊन म्हणाल्या की हे फारच अस्सल आहे. मीही अभिमानाने मान हलवली.

वीज आली, सगळे आत गेलो. टीव्हीवर ढग तरंगत होता. त्याच्यापुढे जमीन मोकळी, झाडलेली. पऱ्हाटीची एक काडी नाही, वांग्याचं देठ नाही. नुसत्या वायरी छताकडून लोंबत होत्या आणि कोपऱ्यात स्पीकर आपला वाट पाहत होता. साक्षीने वायरींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नासीरकडे पाहिलं. तेवढ्यात दारात उखर्डू, हातात परात, परातीत लसूण आणि हिरव्या मिरच्या घालून लाकडी मुसळाने कुटलेलं वाफाळतं भरीत, आणि चेहऱ्यावर असं समाधान की त्याला ओरडणं पाप.

"देवचंदभाऊ, वांगा भलता गोड व्हतात," तो म्हणाला, "पन त्यामा वायरी कसाले खोसेल व्हत्यात?"

अक्का, मला वाटलं आता पोर रडणार. दोन महिन्यांची मेहनत परातीत कुटलेली. ती मटकन खाली बसली आणि एवढंच विचारलं की मधलं पण? उखर्डू म्हणाला, बठ्ठाच, एकूण एक. तेव्हा ती हसायला लागली. आधी वाटलं रडतेच आहे, पण नाही, हसत होती, पोट धरून, लहानपणी तुझ्या ओसरीवर हसायची तशी. मग उठून बाईंना खरं काय ते सांगून टाकलं. ही वांगी माझी कला होती, ती ह्या दोघांनी भाजली, आणि मुळात ती भरतासाठीच पाठवलेली होती, मीच न विचारता उचलली होती, तेव्हा हे बरोबरच झालं. मी मात्र एक मागते, ज्याने ज्याने हे खाल्लं त्याने एक शब्द परत द्यावा, घरातला, द्यावासा वाटला तर.

आणि मग जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. भाकरी आणि भरीत खात खात एकेक जण माइकजवळ आला. साक्षी प्रत्येकाला आधी सांगायची की हा आवाज कुठल्या ढगात जाणार नाही, माझ्या छोट्या यंत्रात राहील (ते यंत्र माझ्या घरी पिठाच्या डब्याशेजारी आहे), आणि परत मागितला की परत मिळेल. मग विचारायची, घेऊ का? पहिला उखर्डू आला. टोपी काढली, घसा खाकरला, आणि संध्याकाळी गुरं परतताना जी धूळ उठते तिला त्याची आई काय म्हणायची तो शब्द बोलला आणि तिथेच डोळे पुसत उभा राहिला. वीस वर्षांत ह्या माणसाने माझ्यासमोर डिझेल आणि डबा सोडून तिसरा विषय काढला नव्हता. नासीरची आई नूरबी आली, तिने भिजलेल्या कापसाचा एक शब्द दिला जो आपल्याकडे पण आहे आणि त्यांच्याकडे पण, आणि दोघांना वाटायचं आपलाच. पुण्याच्या बाईंनी त्यांच्या आजोळचा शब्द दिला. त्यांच्याही डोळ्यांतून धारा वाहत होत्या. मी भारावून गेलो होतो, पण नंतर कळलं की त्या मिरचीच्या होत्या. ते शब्द मी इथे लिहीत नाही. दिलेत त्यांनी साक्षीला, पोस्टाला नाही. येऊन ऐक.

मागच्या पडवीतली बाजारची वांगी तशीच पडून होती. साक्षीने ती आणून मांडली आणि त्यांत नवे शब्द भरले. म्हणजे कलेचं भरीत झालं आणि भरताची कला झाली, आणि दोन्ही उत्तम झालं. बाईंनी तिथेच सांगितलं, हे पुण्याला येणार. अक्का, आपल्या घरातलं पोरगं, आपल्या खानदेशची वांगी आणि आपली बोली, तिन्ही पुण्याला! मला आनंदाने दोन दिवस जेवण गेलं नाही. (भरीत जास्त झालं होतं, असं तुझी भावजय म्हणते.)

मधोमध परत एक मोठं वांगं ठेवलं आहे. ते अजून बोलत नाही.

बाकी सर्व ठीक. शेळ्यांना सांभाळ, गुडघ्याला तेल लाव. घरच्या सगळ्यांचा जयभीम.

तुझा धाकटा,
देवचंद

ता. क. वरचं सगळं नुसतं हवापाण्याचं होतं. खरं काम एवढंच की तू ये. पुण्याला जाण्याआधी कधीही ये, मी स्टँडवर उभा राहीन. एक शब्द दे, कुठलाही. शिवी असली तरी चालेल, मी साक्षीला तसं विचारून ठेवलं आहे. तुझ्या त्या मुक्या वांग्याचं वेगळं भरीत कोणाला करता आलं नाही, ते सगळ्यांतच कुटलं गेलं. म्हणजे तुझा अबोला आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला आहे, पुण्याच्या बाईंसकट, आणि तो काही पचत नाही.

ता. क. दुसरा. हे सांगायची भीती वाटते, पण सांगतो. त्या कंपनीच्या पोरांबद्दल तू भडगावच्या स्टँडवर बाकावर बसून मला जे म्हणाली होतीस आणि कोणाला सांगू नको म्हणाली होतीस, ते मी आत्ताच साक्षीला सांगून टाकलं. "जलमभर लोकेस्नी सांगं, नीट बोल. पहिल्यांदाच कोनी सांगं, तू जशी बोलस तशीच बोल." तुला न विचारता सांगितलं. आपल्या घराला ही खोडच लागलेली दिसते. ती ऐकून अंगणात गेली. मग आत येऊन हे पत्र माझ्या हातून घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तिच्याबद्दलच्या दोन ओळी खोडल्या, आणि खाली काहीतरी लिहिलं. मी चष्मा मुद्दाम काढून ठेवला होता, तरी मला वाचता आलं.

आई, ते कंपनीवाला तुले इचारीसन ग्यात. तू कसाले बोलनी, हाई माले तुले इचारानं राही गयं. आते इचारस. मनासंगे बोलशी का? — साक्षी

ता. क. तिसरा. येताना बांधावरची वांगी आण. उखर्डूला मी त्या दिवशी धरणगावला त्याच्या व्याह्यांकडे पाठवून देतो आहे.